हणमंत पाथरुटची साक्ष

"हात सैल सोड गं, मी काय खाणार नाही तुला," मी त्या पोरीला म्हणत होते.

नवी नवरी होती. सासूबरोबर बांगड्या भरायला आली होती आणि हात असा आखडून धरला होता की बांगडी अंगठ्याच्या मुळाशीच अडायची. देवखडीच्या बिरोबाची जत्रा. उन्हं कलली होती आणि गर्दी वाढत चालली होती. माझ्या डाव्या बाजूला, नेहमीसारखंच, पाथरुटांचं फुग्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक सिलिंडर, एक नळी आणि वर तरंगणाऱ्या फुग्यांचा घोस. हणमंत पाथरुट आणि त्याची बायको नागर. आम्ही तिघं वर्षानुवर्षं त्याच त्याच जत्रा फिरायचो. नवरा गेल्यापासून मी एकटीच माल घेऊन फिरत होते, तेव्हा नागर शेजारी असली की मला बरं वाटायचं. ती फुग्याचं तोंड नळीला लावायची, फुगा टम्म झाला की दोऱ्याची गाठ दातानं आवळायची आणि त्याच दमात गिऱ्हाइकाशी भांडायची.

हणमंतनं कानावरची विडी काढली. नागरनं मान न वळवता ओळखलं.

"हितं न्हाई. लांब जावा, पार त्या लिंबाखाली. कितींदा सांगायचं?"

हणमंत उठला. "बघा रतनअक्का, नवऱ्याला वनवास," असं मला म्हणाला आणि रस्त्यापलीकडं गेला.

मी नवरीचा हात पुन्हा हातात घेतला. त्यापुढचं मला काही आठवत नाही. आवाजही नाही. लोक म्हणतात आजूबाजूच्या गावांत घरांची दारं हादरली.

शुद्धीवर आले ती सरकारी दवाखान्यात. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, तिसरं वाकत नव्हतं आणि डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. नवरी वाचली, तिच्या कपाळाला टाके पडले. एका म्हाताऱ्या माणसाचा पाय गेला. आणखी काही जण भाजले. नागर जागीच गेली. सिलिंडर फुटला तेव्हा तिचा हात त्याच्यावरच होता.

हणमंतला काही झालं नव्हतं. पोलिसांनी त्याला नागरच्या प्रेताजवळूनच उचललं.

बांगड्या भरणं म्हणजे दोन्ही हातांचं काम. डाव्या हातानं समोरचीचा पंजा दाबून अरुंद करायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी बांगडी फिरवत फिरवत वर न्यायची. दुखू द्यायचं नाही, फुटू द्यायची नाही. पट्टी सोडली त्या दिवशी मी नर्सचा हात मागून घेतला आणि तिची प्लॅस्टिकची बांगडी काढून परत घालायचा प्रयत्न केला. जमलं नाही. नर्स बिचारी म्हणाली, "जमेल हळूहळू." तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

त्याच आठवड्यात शेटे भेटायला आले. चंद्रकांत शेटे म्हणजे तालुक्यातलं मोठं नाव. वेल्डिंगवाल्यांना, दवाखान्यांना गॅसचे सिलिंडर पुरवायचा त्यांचा धंदा. माझी त्यांची ओळख नव्हती. ते खुर्ची ओढून बसले, सफरचंदं ठेवली आणि माझ्या भावाशी, विलासशी बोलू लागले.

"त्या फुगेवाल्यानं घात केला बघा. अशा लोकांना उभंच करू नये जत्रेत. ताईंच्या हाताचा सगळा खर्च मी बघतो. माणुसकी म्हणून. फक्त एवढी एक सही लागेल, की आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही."

विलास म्हणाला, "ताई, देव भेटला म्हणायचं."

मी म्हटलं, "सहीचा हात अजून चालत नाही. बरा झाला की बघू."

खरं तर मला एक गोष्ट आठवत होती. जत्रेच्या पहिल्या दिवशी सिलिंडर उतरवताना मी नागरला विचारलं होतं, नवा घेतला का, रंग चकचकीत दिसतोय. ती म्हणाली होती, "कशाचा नवा. शेट्याच्या गोडाउनातला भाड्याचा हाय. रंग तेवढा नवा."

दवाखान्यातल्या एका समाजसेविकेनं मला सांगितलं की बाईमाणसाला कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टाच्या तळमजल्यावर ते ऑफिस होतं. तिथं मला अनसूया बनसोडे भेटल्या. माझ्याच वयाच्या, बुटक्या, बोलताना चष्मा सारखा वर सारणाऱ्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "फुगा विकत घेतला होता तुम्ही?"

"मी कशाला घेऊ? मी शेजारी बांगड्या विकत होते."

"घेतला असता तर ग्राहक म्हणून वेगळ्या दारानं जाता आलं असतं. असू दे." त्यांनी वही पुढं ओढली. "हे बघा रतनबाई, पोलिसांनी जी केस केलीय ती सरकार विरुद्ध हणमंत. त्यात तुम्ही फक्त साक्षीदार. त्याला शिक्षा झाली तर होईल, तुमचा हात काही त्यातून चालणार नाही. कलेक्टरकडं मदतीचा अर्ज करू, मिळालं तर थोडंफार मिळेल. खरा रस्ता दिवाणी दाव्याचा. नुकसानभरपाई मागायची. प्रश्न एवढाच, कुणाकडून?"

"हणमंतकडं काही नाही, बाई. बायको होती, ती पण गेली."

"त्याला पक्षकार करावंच लागेल. पण एकट्याला नाही. जत्रा कमिटीनं जागेचं भाडं घेतलं, परवाना न बघता सिलिंडर गर्दीत लावू दिला. आणि सिलिंडर ज्याचा, तो. सिलिंडरची ठरावीक काळानं तपासणी होते. त्यात बाद झाला तर तो कापून भंगारात घालायचा असतो. कुणी तो रंग मारून भाड्यानं देत असेल तर सगळ्यात मोठी जबाबदारी त्याची."

मी शेट्यांची सफरचंदं आणि सही सांगितली.

"माणुसकीच असेल तर सही कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "नका करू. पण एक अडचण आहे. सिलिंडरवरचा नंबर घासून काढलेला होता, पंचनाम्यात तसं आहे. नागरबाई तुम्हाला काय म्हणाल्या, त्यावर कोर्ट किती विसंबेल सांगता येत नाही. तो शेट्यांचा आहे हे खात्रीनं सांगू शकेल असा माणूस एकच."

तो माणूस कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही. आणि तो तोंड उघडणार नाही हेही थोड्याच दिवसांत कळलं. हणमंतचा जामीन झाला होता आणि जामीनदार शेट्यांचा मॅनेजर होता. वकीलही शेट्यांनीच दिलेला, दिवाण नावाचा. हणमंतनं सांगितलं होतं की सिलिंडर लांबच्या एका बाजारात अनोळखी भंगारवाल्याकडून घेतला.

दावा लागला. तारखा पडत गेल्या. विलास दर तारखेला एसटीत माझ्या शेजारी बसून म्हणायचा, "अजून वेळ गेली नाही, शेट्यांना भेटू." त्याचंही चुकत नव्हतं. मी त्याच्याकडं राहत होते, त्याचं खात होते. हणमंत कोर्टात मागच्या बाकावर बसायचा. कधी वर बघायचा नाही. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी मोठ्या मापाचा शर्ट. मीही बोलायला गेले नाही. काय बोलणार होते?

मग माझ्या उलटतपासणीचा दिवस आला.

शेट्यांच्या वकिलांनी आधी विचारलं. मी सिलिंडर घेताना पाहिला का? नाही. शेटे मला दवाखान्यात भेटायला आले, खर्च देऊ म्हणाले, ही चांगुलपणाची गोष्ट नाही का? मी म्हटलं, "सही मागितली नसती तर म्हटलं असतं." जज्जसाहेबांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं.

मग दिवाण उठले. हणमंतचे वकील.

"नागरबाईंना तुम्ही किती ओळखत होता?"

"पुष्कळ. आमची दुकानं शेजारी लागायची."

"त्यांना विडीचं व्यसन होतं हे तुम्हाला माहीत आहे?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. डावा कान गेल्यापासून तसं व्हायचं. मी म्हटलं, "कुणाला?"

"मयत नागरबाईंना. मी तुम्हाला असं सुचवतो की घटनेच्या वेळी नागरबाई फुगे भरता भरता विडी ओढत होत्या, त्या ठिणगीनं स्फोट झाला, आणि हे तुम्ही कोर्टापासून लपवत आहात."

मी मागच्या बाकाकडं पाहिलं. हणमंत पहिल्यांदाच वर बघत होता. तो माझ्याकडं नाही, दिवाणांच्या पाठीकडं बघत होता.

"खोटं आहे," मी म्हटलं.

"एवढंच?"

"नाही. आणखी सांगते. विडी तिचा नवरा ओढायचा. त्या दिवशीही त्यानं विडी काढली होती. तिनं त्याला सिलिंडरजवळून हाकललं. लांब जाऊन ओढा म्हणाली, लिंबाखाली. तो रस्ता ओलांडून गेला. म्हणून तो आज इथं बसलाय आणि ती नाही."

कोर्टात टायपिस्टच्या यंत्राचा आवाज तेवढा चालू होता. जज्जसाहेबांनी विचारलं, "आणखी काही विचारायचंय?" दिवाण म्हणाले, नाही.

मी बाहेर आले. बनसोडेबाईंनी मला आवारातल्या बाकावर बसवलं आणि पाणी आणायला निघाल्या. तेवढ्यात हणमंत समोर येऊन उभा राहिला.

बनसोडेबाई थांबल्या. "मी यांच्याशी बोलू शकत नाही, रतनबाई. यांना वकील आहे. तुम्ही काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि त्या खरंच निघून गेल्या, पार टायपिंगवाल्यांच्या टपरीपर्यंत.

हणमंत खाली बसला, माझ्या पायाशी, मातीत.

"अक्का, ते विडीचं म्या सांगितलं न्हवतं."

"मला ठाऊक आहे."

"कागद वाचून दाखिवला न्हाई. वकील म्हणला, अंगठा कर, सुटशील. शेठ पण म्हणला, गप बस, सुटशील. पोरगी हाय मागं. आई न्हाई, आन् म्या आत गेलो तर तिला कोण?"

"कुठं असते पोर?"

"बहिणीकडं."

थोडा वेळ तो मातीत बोट फिरवत राहिला. मग विचारलं, "खरं सांगितलं तर काय हुईल?"

काय बोलायला हवं हे मला चांगलं कळत होतं. 'काही होणार नाही' असं म्हणायला हवं होतं. तीन शब्द बोलले असते तर तो कोर्टात येऊन शेट्यांचं नाव घेणार होता, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. विलासच्या घरातली माझी खोली, भावजयीचं न बोलता ताट वाढणं, सगळं त्या उत्तराला लटकलेलं होतं. मी माझा हात पदराखाली घेतला.

"सिलिंडर शेट्यांचाच ना?" मी विचारलं.

"व्हय."

"बाद झालेला होता हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"गोडाउनवाल्यानं सांगितलं व्हतं. सांभाळून वापर म्हणला. भाडं कमी व्हतं, म्हणून घेतला."

"नागरला ठाऊक होतं?"

"न्हाई. तिला सांगितलं असतं तर तिनं घेऊ दिला नसता."

"मग हणमंतराव, खरं सांगितलंत तर तुम्ही आत जाल," मी म्हटलं. "किती दिवस ते मला माहीत नाही. पण जाल. शेटे जामीन पण काढून घेतील." मग बनसोडेबाईंनी एकदा मला सांगितलेलं आठवलं, तेही सांगितलं. "तुमच्या पोरीलाही भरपाई मागता येते. आई गेलीय तिची. तिला शेट्यांवर दावा करता येतो."

"आन् माझ्यावर?"

"तुमच्यावर पण."

तो उठला. कपडे झाडले. हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि फाटकातून बाहेर गेला.

बनसोडेबाई पाणी घेऊन आल्या. "काय म्हणाला?"

"विचारत होता, खरं सांगितलं तर काय होईल. मी म्हटलं, आत जाल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपली सगळी बाजू त्याच्यावर उभी आहे, माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"मग?"

"मग काय, बाई. नागरच्या नवऱ्याला मी खोटं कसं सांगू?"

त्यांनी मला पाणी दिलं. पुढं त्या दिवशी आम्ही केसबद्दल बोललो नाही. परत येताना एसटीत विलासला सांगितलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसला.

पुढच्या तारखेला दिवाण आले नाहीत. हणमंतनं त्यांचं वकीलपत्र काढून घेतलं होतं. मला जिथून वकील मिळाली त्याच ऑफिसातून त्याला एक तरुण वकील मिळाला होता. हणमंत साक्षीसाठी उभा राहिला तेव्हा दाढी केलेली होती. शेटे त्या दिवशी स्वतः पहिल्या रांगेत बसले होते.

जज्जसाहेबांनी आधी त्यालाच सांगितलं, "तुम्ही इथं जे बोलाल ते फौजदारी केसमध्ये तुमच्या विरोधात जाऊ शकतं. समजतंय का?"

"समजतंय, साहेब. रतनअक्कांनी सांगितलंय."

जज्जसाहेबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. शेट्यांच्या गोडाउनात मागच्या बाजूला बाद सिलिंडर कसे वेगळे ठेवलेले असतात, नंबर कुठं घासतात, रंग कोण मारतो, जत्रेच्या हंगामात कोणकोणते फुगेवाले ते नेतात. आपल्याला ठाऊक होतं हेही सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं हेही. आवाज चढवला नाही, रडला नाही. फक्त विडीचं विचारलं तेव्हा म्हणाला, "तिनं जन्मात विडीला हात लावला न्हाई. ते खोटं हाय. ते माझ्या नावावर खपवलंय."

शेट्यांचे वकील उठले. "या बाईला भरपाई मिळाली की त्यातला वाटा तुम्हाला मिळणार, म्हणून हे सांगताय ना?"

"मला कसला वाटा, साहेब," हणमंत म्हणाला. "मला आत जायचंय."

त्याच्या मागोमाग आणखी दोन फुगेवाले साक्षीला तयार झाले. दोघांनीही सिलिंडर तिथूनच नेलेले. गोडाउनची झडती झाली तेव्हा मागच्या बाजूला रंग वाळत असलेले सिलिंडर सापडले.

निकाल माझ्या बाजूनं लागला. मोठी जबाबदारी शेट्यांवर, काही कमिटीवर, काही हणमंतवर. शेटे वरच्या कोर्टात गेले, तिथं पुन्हा काही वर्षं गेली. पण रकमेचा काही भाग त्यांना कोर्टात भरावा लागला आणि तो मला मिळाला. त्यातून तालुक्याच्या पेठेत मी छोटं दुकान घेतलं आणि बांगड्या भरायला एक मुलगी ठेवली. भरते ती, शिकवते मी. हणमंतच्या पोरीच्या नावानं बनसोडेबाईंनीच वेगळा दावा लावला. तिचे पैसे ती सज्ञान होईपर्यंत बँकेत राहिले. शेट्यांवरही गुन्हा नोंदला गेला, पण ते आजारपणाचं कारण काढत राहिले आणि निकाल लागायच्या आधी घरीच वारले. हणमंत मात्र आत गेला. पुरी शिक्षा भोगून आला.

सुटल्यावर काही महिन्यांनी तो माझ्या दुकानात आला. केस पिकले होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो म्हणाला. पोरगी दहावीला होती. मी चहा मागवला. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो, कोणत्या जत्रा आता भरत नाहीत, कोण वारलं, कोण धंदा सोडून गेलं.

मग मी विचारलं. इतकी वर्षं मनात होतं.

"हणमंतराव, त्या दिवशी तुम्ही उठून गेलात तेव्हा मला वाटलं होतं, संपलं. मग कसे काय आलात? नागरवर विडीचं ढकललं म्हणून?"

"त्याचा राग आला व्हता, अक्का. पण रागानं माणूस साक्षीला जात न्हाई. दारू पितो. त्या दिवशी म्या दारूच प्यालो."

"मग?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"शेठ म्हणला, सुटशील. वकील म्हणला, सुटशील. माझा सख्खा भाऊ म्हणला, गप ऱ्हा, सुटशील. तुमचा तर हात गेलेला. माझ्या साक्षीची गरज तुम्हाला. आन् तुम्ही एकट्याच म्हणालात, आत जाल." तो थांबला. "मग वाटलं, हितं एक माणूस तरी खरं बोलतंय. त्याच्याच बाजूला जाऊन बसावं."